इलेक्ट्रिक स्कूटर घेण्याआधी: किलोमीटर, प्लग आणि वीजबिलाचा हिशेब

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात साडेअकरा लाखांच्या आसपास इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या. आदल्या वर्षी हा आकडा साडेनऊ लाखांच्या घरात होता. गल्लीबोळात हिरव्या पाटीच्या गाड्या दिसू लागल्या त्या उगाच नाही. या गाडीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा असतो, आणि बॅटरीच स्वस्त झाली. जागतिक बाजारात २०२३ मध्ये किलोवॅट-तासाला (म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या एका युनिट विजेमागे) सरासरी १३९ डॉलरला पडणारी लिथियम-आयन बॅटरी २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. शिवाय इलेक्ट्रिक वाहनांवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवर तो २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के होता, आता १८ आहे.

पण गाडी स्वस्त झाली म्हणजे ती तुम्हाला परवडेलच असं नाही. एकाच इमारतीतल्या दोघांनी एकच स्कूटर घेतली, तर एकाचे पैसे दीड वर्षात वसूल होतात आणि दुसऱ्याचे पाच वर्षं होत नाहीत. हे ठरतं रोजच्या धावेवर, पार्किंगमधल्या प्लगवर आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरवर. म्हणून खाली दिलेल्या क्रमानेच जा. शोरूम मुद्दाम उशिरा ठेवलंय.

आधी स्वतःची धाव मोजा

आत्ताच्या गाडीचं मीटर आज लिहून ठेवा आणि महिन्याने परत बघा. अंदाजावर जाऊ नका, कारण रोजचं अंतर सांगताना माणसं बहुतेक वेळा जास्तच सांगतात.

मग हिशेब सोपा आहे. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला २ रुपये ३१ पैसे पडतात. इलेक्ट्रिक स्कूटर १०० किलोमीटरला भिंतीतल्या प्लगमधून साधारण साडेतीन युनिट ओढते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज त्यात धरलेली आहे. युनिट १३ रुपयांना पडत असेल तर किलोमीटरला ४५ पैसे झाले. म्हणजे किलोमीटरमागे वाचले १ रुपया ८६ पैसे.

आता समजा, तशाच दमाच्या पेट्रोल स्कूटरपेक्षा इलेक्ट्रिक २५,००० रुपयांनी महाग पडतेय. हा फरक भरून निघायला साधारण १३,५०० किलोमीटर लागतील. रोज ३० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस अशी धाव असेल तर दीड वर्षाच्या आत पैसे वसूल, आणि त्यानंतर दरवर्षी सतरा हजारांच्या आसपास हातात उरतात. रोज फक्त ८ किलोमीटर असतील तर त्याच वसुलीला पाच वर्षांहून जास्त लागतात. अशांनी पैशांसाठी घाई करू नये. शांत गाडी हवी, धूर नको, पंपावरची रांग नको, ही कारणंही चांगलीच आहेत. पण मग ती मोकळेपणाने तेवढ्यासाठीच घ्या.

वरच्या हिशेबात देखभाल धरलेली नाही. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग हा खर्च जातो. टायर, ब्रेक पॅड आणि काही मॉडेलांत चाक फिरवणारा पट्टा हा खर्च राहतो.

प्लग कुठे आहे?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेक लोक तो गाडी दारात आल्यावर हाती घेतात. रात्री गाडी उभी राहते तिथे सुरक्षित प्लग नसेल, तर बाकी सगळे फायदे कागदावरच राहतात. सार्वजनिक चार्जरवर युनिटचा दर घरापेक्षा बराच जास्त असू शकतो, शिवाय वेळ जातो तो वेगळाच.

स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण पाचशे ते नऊशे वॅटचा असतो, म्हणजे इस्त्रीपेक्षा कमीच. त्यामुळे वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यायची गरज सहसा पडत नाही. तरी इस्त्री दहा मिनिटं चालते आणि चार्जर चार-पाच तास सलग, म्हणून जोडणी पक्की हवी. इलेक्ट्रिशियनला नेमकं सांगा: १६ अँपिअरचं चांगल्या कंपनीचं सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारं बटण), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की ती तोडणारं बटण) आणि तपासलेलं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. खिडकीतून खाली सोडलेली वायरही नको.

पॉइंट तयार झाला की पहिल्याच दिवशी एक तपासणी करा. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हात लावा. किंचित कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, पिनेच्या बुडाशी पिवळट-तपकिरी कडा दिसत असेल किंवा जळकट वास येत असेल, तर सॉकेटमधली पकड सैल आहे. लगेच बदला. पावसाळ्यात पार्किंगच्या भिंतीला ओल येते आणि पितळी पिना काळ्या पडतात, म्हणून सॉकेटला झाकण असलेला डबा घ्या आणि तो जमिनीपासून तीन-चार फूट वर बसवा.

सोसायटीत राहत असाल तर मीटर रूममधल्या तुमच्या स्वतःच्या मीटरवरून तुमच्या पार्किंगपर्यंत वायर न्या. वीज तुमच्याच बिलात येते, त्यामुळे "कॉमन लाइट वापरतात" हा वाद सुरूच होत नाही. मीटर वरच्या मजल्यावर असेल आणि वायर आणणं अवघड असेल तर सोसायटीच्या जोडणीवर सबमीटर लावून दर महिन्याला पैसे भरायचं ठरवा, आणि ते मीटिंगच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. राज्याच्या सहकार खात्याने सोसायट्यांना अशी परवानगी अडवू नये, सात दिवसांत ना-हरकत द्यावी असं कळवलेलं आहे. भांडायला जाण्याआधी नीट अर्ज द्या. बरेच सचिव नकार देतात ते आगीच्या भीतीने. ती भीती अर्जातच दूर केलीत तर काम लवकर होतं. मजकूर असा ठेवता येईल:

"प्रति, मा. सचिव. विषय: माझ्या पार्किंगमध्ये ई-वाहन चार्जिंग पॉइंट बसवण्यास ना-हरकत मिळणेबाबत. महोदय, मी सदनिका क्र. … चा सभासद असून मला दिलेल्या पार्किंग क्र. … मध्ये माझ्या स्वतःच्या वीजमीटरवरून १६ अँपिअरचा चार्जिंग पॉइंट स्वखर्चाने बसवू इच्छितो. सदर काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून त्याचा टेस्ट रिपोर्ट संस्थेस सादर करीन. वायर बंदिस्त पाइपमधून नेली जाईल व तिला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी असेल. कामात संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास दुरुस्तीची जबाबदारी माझी राहील. सोबत वायरिंगचा आराखडा व ठेकेदाराच्या परवान्याची प्रत जोडली आहे."

दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या.

चाळीत किंवा भाड्याच्या घरात पार्किंगला प्लग मिळणं शक्यच नसेल तर काढता येणाऱ्या बॅटरीच्या स्कूटर बघा. अशी एकेक बॅटरी दहा-बारा किलोची असते. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने रोज न्यायची आहे, हे आधी घरातल्या सगळ्यांशी बोलून घ्या. घरात चार्ज करताना ती दरवाजाच्या वाटेत किंवा पलंगाजवळ ठेवू नका. काही घडलं तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी.

गावाकडे प्रश्न वेगळा असतो. गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या वाहिनीवर) रात्री वीज असली तरी दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी पडतो आणि काही चार्जर मग सुरूच होत नाहीत. साधा मल्टिमीटर घेऊन रात्री नऊच्या सुमारास आणि पहाटे व्होल्टेज बघा, चार्जरवर छापलेल्या किमान व्होल्टेजशी ताडून पाहा. पहाटे दाब बरा असेल तर टायमर लावून तेव्हा चार्ज करता येतं.

वीजबिलातला स्लॅब

बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात लिहिलेली असते. बिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. तीन किलोवॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, साधारण सव्वातीन ते साडेतीन युनिट लागतात.

महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट, पुढे ३०१ ते ५०० आणि त्यावर आणखी चढे दर आहेत. चढा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. "३०० च्या वर गेलो की अख्खं बिल महाग होतं" ही समजूत चुकीची आहे. पण स्कूटरची युनिटं तुमच्या घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना लागतो तो तुमचा शेवटच्या टप्प्याचा दर. महिन्याला ७८० किलोमीटरची धाव म्हणजे साधारण २७ युनिट. घरचा वापर ७० असेल तर ती २७ पहिल्याच टप्प्यात बसतात आणि फार स्वस्त पडतात. घरचा वापर २९० असेल तर बहुतेक युनिटं तिसऱ्या टप्प्यात जातात.

वर्षभरातली बिलं काढा. एप्रिल-मेमध्ये कूलर किंवा एसीमुळे तुम्ही कुठे पोचता तेही बघा. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, हे सगळं मिळून शेवटच्या टप्प्यातलं एक युनिट कितीला पडतं ते काढा आणि वरच्या हिशेबात १३ च्या जागी तो आकडा घाला. स्थिर आकार यात धरू नका, तो स्कूटर नसली तरी भरावाच लागतो. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे दर वेगळे आहेत, तेव्हा स्वतःचंच बिल वापरा.

वापर आधीच जास्त असणाऱ्यांना ई-वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीचाही पर्याय आहे. २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार मागणी केल्यास अशी वेगळी जोडणी मिळू शकते. एका स्कूटरसाठी मात्र त्याचा स्थिर आकार परवडत नाही. दोन गाड्या किंवा चारचाकी असेल तर विचार करावा.

छतावर जागा असेल तर सौरऊर्जेचा हिशेब नक्की करा. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० आणि २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे, ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला कमाल ७८,०००. आपल्याकडे १ किलोवॅटचा संच महिन्याला ११०-१२० युनिट देतो. स्कूटरची गरज त्याच्या पाव हिश्श्यात भागते.

बॅटरीबद्दल काय विचारायचं

शोरूममध्ये स्क्रीन, गाणी आणि अ‍ॅप यांवर खूप बोललं जातं. तुम्ही बॅटरीवर बोला.

पहिला प्रश्न रसायनाचा: एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) की एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट)? एनएमसी हलकी असते, तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा मावते. एलएफपी जड असते, पण उष्णतेला जास्त तग धरते आणि जास्त चक्रं (पूर्ण भरून पूर्ण वापरणं म्हणजे एक चक्र) टिकते. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या उन्हात गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर मी एलएफपीला झुकतं माप देईन. शिसं-आम्ल बॅटरीची स्वस्त स्कूटर कुणी दाखवली तर सरळ नाही म्हणा. ती बॅटरी वर्ष-दोन वर्षांत बसते.

दुसरं, बॅटरी किती वर्षं चालेल? एक हजार पूर्ण चक्रं धरली आणि चक्राला ८५ किलोमीटर, तरी ८५,००० किलोमीटर होतात. रोज ३० किलोमीटर चालवणाऱ्याला तेवढ्याला नऊ वर्षं लागतील. म्हणजे बहुतेकांची बॅटरी धावून संपणार नाही, वय आणि उन्हाने थकेल. म्हणूनच वॉरंटीत किलोमीटरपेक्षा वर्षांकडे जास्त लक्ष द्या. शिवाय हे लेखी विचारा: क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलून मिळेल? वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का? एखादी सर्व्हिस चुकली तर ती रद्द होते का? पाणी शिरलं तर काय?

तिसरं, सुरक्षितता. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात काही ठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर केंद्राने एआयएस-१५६ हे बॅटरी चाचणीचं मानक कडक केलं. नवे निकष १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी बनलेली जुनी गाडी घेताना हे विसरू नका.

आणि "लायसन्स नको, पासिंग नको" अशी जाहिरात असलेल्या स्कूटरबद्दल. ही सूट फक्त २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या गाड्यांना आहे. त्या नावाखाली ताशी ४५ ने पळणारी गाडी विकली जात असेल, तर अपघात झाल्यावर विमा, नोंदणी, लायसन्स काहीच पाठीशी नसतं. मुलांसाठी म्हणून अशी गाडी घेणाऱ्या पालकांनी तर हे नीट समजून घ्यावं.

रेंज आणि घाट

कागदावरच्या रेंजचे सत्तर-पंचाहत्तर टक्के धरा. तीन युनिटांची बॅटरी दोन माणसांसह शहरात ८५-९५ किलोमीटर देते. त्यातले शेवटचे १५ टक्के अडीनडीसाठी ठेवले की रोजची खात्रीची रेंज ७५ च्या आसपास उरते. तुमची धाव ३० असेल तर एवढं पुष्कळ झालं. मोठ्या बॅटरीचे जादा पंचवीस-तीस हजार उगाच देऊ नका.

घाटाची भीती मात्र आकड्यानेच जाते. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरली, तर एवढं वजन साडेसहाशे मीटर वर चढवायला, मोटरमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरून, साधारण अर्धं युनिट जास्त लागतं. म्हणजे सपाट रस्त्यावरची पंधरा-सोळा किलोमीटरची धाव. बत्तीस किलोमीटरच्या त्या रस्त्याला बॅटरीतले पन्नास किलोमीटर खर्ची पडतील असं धरून निघा. उतरताना त्यातला थोडा भाग परत मिळतो. निघताना बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल आणि घाट सुरुवातीलाच उतरणीचा असेल, तर पहिले काही किलोमीटर रीजन ब्रेक (वेग कमी करताना ती ऊर्जा बॅटरीत परत भरणारा मोटरचा ब्रेक) नेहमीपेक्षा कमी जोराने काम करतो. तेव्हा हाताचा ब्रेक तयार ठेवा.

किंमत: पाटीवरची आणि हातात येणारी

केंद्राची सबसिडी सतत खाली येत गेली आहे, आणि जुने आकडे अजून तोंडातोंडी फिरतात. जून २०२१ मध्ये केंद्राच्या फेम-२ या योजनेत बॅटरीच्या किलोवॅट-तासाला १५,००० रुपये मिळत. जून २०२३ मध्ये ते १०,००० झाले. १ ऑक्टोबर २०२४ ला पीएम ई-ड्राइव्ह ही योजना सुरू झाली तेव्हा ५,००० आणि गाडीमागे कमाल १०,००० रुपये होते. एप्रिल २०२५ पासून किलोवॅट-तासाला २,५०० आणि कमाल ५,०००. दुचाकींसाठी ही मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच ठेवलेली होती. त्यामुळे "सबसिडी मिळेल" हे वाक्य ऐकून थांबू नका. बिलात ती किती वजा झाली, ही रेघ दाखवायला सांगा.

महाराष्ट्राचं ई-वाहन धोरण १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०३० असं आहे. त्यात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्कात सूट आहे, आणि दुचाकीला किमतीच्या १० टक्के, कमाल १०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनाची तरतूद आहे. हे प्रोत्साहन बिलातच वजा होणार की नंतर खात्यात येणार, हे डीलरकडून लेखी घ्या. नंतर येणार असेल तर तुमचा हिशेब ते न धरता करा. आलं तर चांगलंच.

कोटेशनमध्ये चार्जर, सॉफ्टवेअर पॅक, वाढीव वॉरंटी, हेल्मेट, अ‍ॅक्सेसरीज आणि "हाताळणी" असं सगळं सुटं लिहायला लावा. चार्जरचे पैसे वेगळे घेतल्यामुळे २०२३ मध्ये काही कंपन्यांना ते ग्राहकांना परत करावे लागले होते, हे लक्षात असू द्या. विम्यात ई-वाहनांना थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सूट आहे. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. त्यासोबत झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता सुट्या भागांची भरपाई) आणि बॅटरीचं संरक्षण घ्या. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते.

कर्जाबाबत एक जुना मुद्दा अजून सांगितला जातो: व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर सवलत. ते कलम ८० ईईबी ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. नव्या कर्जाला त्याचा काही उपयोग नाही. दुचाकी कर्जाचे व्याजदरही चढे असतात. महिन्याची पेट्रोल बचत हप्त्यातल्या व्याजातच जात असेल, तर चार-सहा महिने थांबून जास्त डाउन पेमेंट करणं बरं.

सर्व्हिस सेंटर आणि चाचणी

पेट्रोल गाडी बिघडली तर नाक्यावरचा मेकॅनिक निदान घरी पोचवतो. इलेक्ट्रिक गाडीचा कंट्रोलर किंवा बॅटरी बिघडली तर कंपनीच्या केंद्राशिवाय गत्यंतर नाही. म्हणून गाडी ठरवण्याआधी शनिवारी सकाळी त्या केंद्राच्या बाहेर जाऊन उभे राहा. किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते बघा. सोडवायला आलेल्या दोन-चार जणांना विचारा: सुटा भाग यायला किती दिवस लागले, फोन उचलतात का. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी तर याच एका निकषावर कंपनी निवडावी, असं मी ठामपणे म्हणेन. चाळीस किलोमीटरवर केंद्र असलेली उत्तम स्कूटर घेण्यापेक्षा गावात केंद्र असलेली साधी स्कूटर बरी.

टेस्ट राइड एका फेरीवर संपवू नका. मागे घरातलं माणूस बसवा, उड्डाणपुलावर चढवा, दहा किलोमीटर चालवा. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. दहा किलोमीटरला ११ टक्के गेले तर पूर्ण बॅटरीला नव्वदच्या आसपास रेंज आहे. माहितीपत्रकातला कुठलाही आकडा यापेक्षा खरा नाही. साडी नेसून बसणाऱ्यांना पायाची जागा आणि पकड बसते का, स्टँडवर लावायला जड जाते का, हेही तेव्हाच बघा.

गाडी ताब्यात घेताना बॅटरी, मोटर आणि चार्जरचे क्रमांक बिलाशी ताडून पाहा. वॉरंटी तुमच्या नावावर अ‍ॅपमध्ये दिसते का, हे शोरूममध्येच उघडून बघा.

ऊन आणि पाऊस

दुपारच्या उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंग लावू नका. तासभर सावलीत थंड होऊ द्या. एनएमसी बॅटरी रोज ८०-९० टक्क्यांपर्यंत भरली तरी चालते, लांब जायचं असेल तेव्हाच शंभर करा. एलएफपीला मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण भरणं चांगलं, नाहीतर टक्के चुकीचे दिसू लागतात. महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्मी भरून ठेवा. शून्यावर उभी ठेवलेली बॅटरी खराब होते.

आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापर्यंत टिकल्याची चाचणी. ती नव्या, न उघडलेल्या बॅटरीची. साचलेल्या पाण्यातून जपून जाता येतं, पुरात उभी ठेवता येत नाही. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात किंवा जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये गाड्या तासन्‌तास बुडाल्या होत्या. तशी वेळ आली तर गाडी सुरू करू नका, चार्जर लावू नका, उघड्यावर इतर गाड्यांपासून दूर ठेवा, फोटो काढा आणि विमा कंपनी आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. बुडालेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. स्थानिक दुरुस्तीवाल्याकडे ती उघडायला कधीही देऊ नका.

चारचाकीचा विचार असेल तर

वरचेच टप्पे लागू होतात, फक्त प्लगचा प्रश्न मोठा होतो. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने लहान कार रात्रभरात भरते. ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर हवा असेल तर मंजूर भार वाढवावा लागतो. टाटा टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांच्या सुरुवातीच्या किमतीत आली, तेव्हापासून छोट्या कुटुंबांना हा पर्याय खुला झाला. बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनांत गाडीची किंमत खूप कमी दिसते. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं अशी आली होती. त्यात विजेचे दोन रुपये मिळवा: साडेपाच रुपये झाले. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल कारला सात रुपये पडतात. बचत उरते, पण थोडीच. महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं भरावंच लागेल, ही अट करारात शोधा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. आठवड्याला पुण्या-मुंबईची फेरी असणाऱ्यांच्या हिशेबात ती मोठी रक्कम होते.

जुनी ई-स्कूटर

तीन-चार वर्षांच्या गाड्या आता बाजारात येऊ लागल्या आहेत आणि किमती बऱ्याच उतरलेल्या असतात. वॉरंटीची किमान दोन वर्षं शिल्लक असेल तरच हात घाला. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या केंद्रात जा आणि बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा अहवाल मागा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा दर विचारून तेवढी रक्कम किमतीतून कमी करा. मग वर सांगितलेली दहा किलोमीटरची चाचणी करा. मूळ चार्जर, दोन्ही चाव्या आणि सर्व्हिसच्या नोंदी हातात घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ सुद्धा. आरटीओत नाव बदलण्यासोबत कंपनीच्या अ‍ॅपमध्येही मालकी बदलून घ्या. ती जुन्या मालकाच्या फोनवर राहिली तर गाडी कुठे आहे हे त्याला दिसत राहतं, आणि तुम्ही वॉरंटी मागायला गेलात की नाव त्याचंच निघतं.